किलमेनमच्या तुरुंगात काकू बोलल्या

आयर्लंडमध्ये डब्लिनला आलेल्या मराठी पाहुण्यांना शहर फिरवून दाखवणं हे माझं काम. फेब्रुवारीत सहसा कोणी येत नाही, पण त्या वर्षी बेळगावचं एक जोडपं आलं. मुलगा लंडनला असतो, त्यानंच सगळं ठरवून दिलेलं. काका इंग्रजी सहज बोलत. काकूंना ते जेमतेम कळायचं.

पहिला दिवस वाया गेला. तापमान ५ अंश होतं. आकडा भयंकर नाही, पण लिफी नदीवरून येणारा वारा ओला असतो, स्वेटरच्या विणीतून थेट हाडापर्यंत पोचतो. काकूंच्या अंगावर साडी, हातानं विणलेला स्वेटर आणि वर शाल. हापेनी पुलावर छत्री उलटी झाली ती पुन्हा सरळ झालीच नाही. १९१६च्या उठावाचं ठाणं असलेल्या मोठ्या पोस्टाच्या खांबांवरच्या गोळ्यांच्या खुणा काकांनी हात फिरवून पाहिल्या, काकू पदर सावरत नुसत्या उभ्या. ट्रिनिटी कॉलेजात बुक ऑफ केल्स पाहिलं, बाराशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित. ‘छान आहे हो’, एवढंच बोलल्या. यांना कशातच रस नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. ते किती चुकीचं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी किलमेनमचा तुरुंग. निघताना माझं पावसाळी जाकीट काकूंना शालीवरून घालायला लावलं. तिथे तुरुंगाचाच गाईड सगळ्यांना फिरवतो. मागे राहून हळू आवाजात मराठीत सांगितलं तर चालेल का, असं मी त्याला आधीच विचारून घेतलं. काल हेच केलं नव्हतं. काल मी काकांशी इंग्रजी-मराठी मिसळून बोलत होते आणि काकूंच्या वाट्याला शेपूट येत होतं.

१७९६ सालची ही इमारत. जुन्या भागात खिडक्यांना काचाच नसत, हे मी सांगितलं तेव्हा काकूंनी दगडी भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ‘अगं, पोरंसुद्धा असायची का इथे?’ असायची. भाकरी चोरली म्हणून आणलेलीही.

मग आम्ही चॅपेलमध्ये गेलो. १९१६च्या ईस्टरला ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या त्या उठावात पकडलेल्या जोसेफ प्लंकेटचं लग्न इथे झालं, ३ मेच्या रात्री, मेणबत्तीच्या उजेडात. नवरी ग्रेस गिफर्ड, चित्रकार. साक्षीला सैनिक. पहाटे त्याला गोळ्या घालायच्या होत्या.

‘अंगठी कुणी आणली?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, ग्रेसनं स्वतःच. त्याच संध्याकाळी, ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या दुकानातून, दुकान बंद व्हायच्या वेळेला.

‘एकटीच गेली?’ काकूंनी माझा दंड धरला तो सोडलाच नाही. लग्न लागल्याबरोबर दोघांना वेगळं केलं. नंतर त्याच्या कोठडीत दहा मिनिटांची भेट दिली, तीही पहाऱ्यात. त्या दहा मिनिटांत आम्हाला बोलताच आलं नाही, असं ग्रेसनं पुढे सांगून ठेवलं आहे.

‘नाहीच येणार. चार लोकांदेखत काय बोलणार गं?’

मला पुढचं वाक्य सुचेना. ही गोष्ट मी शेकडो वेळा इंग्रजीत सांगितली असेल. मराठीत पहिल्यांदाच सांगत होते, आणि घसा दाटून आला होता.

ग्रेसनं पुन्हा लग्न केलं नाही. १९२३मध्ये, आयर्लंडमधल्या यादवीच्या काळात, तीही याच तुरुंगात कैदी होती. कोठडीच्या भिंतीवर तिनं मेरी आणि बाळ येशूचं चित्र काढलं. दाराच्या भोकातून ते दिसतं. काकू टाचा उंचावून बराच वेळ बघत राहिल्या, मागे लोक खोळंबले तरी.

मागच्या अंगणात, उठावातल्या १४ जणांना गोळ्या घातल्या तिथे, काकांनी टोपी काढली. ‘उठाव एप्रिल १९१६चा ना? त्याच महिन्यात आमच्या बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली.’ होमरूल हा शब्द हिंदुस्थानात आला तोही आयर्लंडच्याच चळवळीतून. वाऱ्यात दोघं गप्प उभे होते. मीही घाई केली नाही.

पुढच्या कार्यक्रमात चर्च होतं. काकू म्हणाल्या, ‘त्यापेक्षा ते अंगठीचं दुकान होतं तिकडे ने.’ ग्राफ्टन स्ट्रीटवर पोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते, अंधार पडत होता. काचांमागे अंगठ्या मांडलेल्या. काकूंचं नाक लालभडक झालेलं, जाकिटाची टोपी वाऱ्यानं सारखी मागे जात होती.

‘इथून तुरुंग किती लांब?’

‘तीन-साडेतीन किलोमीटर असेल, काकू.’

‘थोडं चालू या का त्या बाजूला?’

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मफलर कानांवर घट्ट ओढला आणि पुढे निघाले.