तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रँक पॉल मला का आवडतो

जुन्या अमेरिकन पल्प मासिकांच्या (म्हणजे स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेल्या कथामासिकांच्या) कव्हरांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, त्या चित्रकार फ्रँक आर. पॉलला माणसं तर धड काढता येत नव्हती, मग तुम्ही त्याला एवढं डोक्यावर का घेता?

माणसं ताठर काढायचा हे खरंय, हातपाय लाकडी, चेहरे सगळे एका साच्यातले. पण तो मुळात शिकला होता आर्किटेक्चर! 1884 चा जन्म, ऑस्ट्रियातला, पुढे अमेरिकेत आला आणि ह्यूगो गर्न्सबॅक या प्रकाशकाच्या मासिकांत चित्रं काढायला लागला. एप्रिल 1926 ला गर्न्सबॅकने अमेझिंग स्टोरीज सुरू केलं, निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं इंग्रजीतलं पहिलं मासिक, किंमत 25 सेंट, आणि पहिलंच कव्हर पॉलचं: मागे भलामोठा शनी, पुढे बर्फावर स्केटिंग करणारी माणसं, बर्फाच्या ढिगांवर अडकलेली शिडाची जहाजं.

आता विचार करा, लेखक 'एक प्रचंड यंत्र' असं लिहून मोकळा होतो, पण चित्रकाराला ठरवावं लागतं की त्याला दार कुठे आहे, जिना कुठून चढतो, वजन कशावर पेललंय, आणि हे सगळं पुढचा अंक छापायला जायच्या आत, कव्हर रंगीत आणि आतली चित्रं काळ्या शाईत. पॉलची यंत्रं बघताना मला कायम वाटतं की हे उभं राहू शकेल, कुणीतरी बांधू शकेल. माणसं त्याच्या चित्रात यंत्र किती मोठं आहे ते कळावं म्हणून असतात, माझ्या मते तरी. रंग भडक, सपाट लाल नाहीतर पिवळं आकाश, कारण स्टॉलवरच्या मासिकांच्या गर्दीत आपला अंक लांबून दिसायला हवा ना.

1939 हे वर्ष तर बघाच. जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे सन्मान्य पाहुणा म्हणून लेखकाला नाही, पॉलला बोलावलं. त्याच वर्षी फँटास्टिक ॲडव्हेंचर्स या मासिकाच्या मागच्या कव्हरवर त्याने मंगळावरचा माणूस काढला, तिथली हवा विरळ, तरी ऐकू यावं म्हणून कान मोठाले, म्हणजे तिथेही हिशोब आहेच. आणि ऑक्टोबरात मार्टिन गुडमन या पल्पवाल्या प्रकाशकाने 10 सेंटचं मार्व्हल कॉमिक्स काढलं, पहिल्या अंकाच्या कव्हरवर पोलाद वितळवत घुसणारा ह्यूमन टॉर्च, म्हणजे अंगभर पेटलेला नायक, तोही पॉलच्याच हातचा (पात्र मात्र कार्ल बर्गोसचं). आज मार्व्हल सगळ्यांना माहितीये, पहिलं कव्हर कुणाचं ते विचारलं तर फार कमी जणांना सांगता येतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुम्हाला बघायचंच असेल तर ऑगस्ट 1927 च्या अमेझिंगपासून सुरू करा, एच. जी. वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधली मंगळवाल्यांची तीन पायांची यंत्रं आहेत त्यावर. माणसांकडे नंतर बघा, आधी ते पाय बघा.