तुम्ही विचारलंत म्हणून : बायकांसाठीच का लिहिता?

कार्यक्रम संपला की चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न येतोच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोनवरही येतो, कारण महिला दिनाच्या पुरवणीत माझ्यासाठी एक चौकट राखलेली असते. एरवी वर्षभर त्याच पुरवणीला माझं पुस्तक दिसत नाही. विचारणारे प्रेमानंच विचारतात : ‘इतकं चांगलं लिहिता, मग फक्त बायकांसाठीच का?’ आजवर हसून वेळ मारून नेली. आता कंटाळा आला.

मी कुणासाठी लिहिते हे मी ठरवत नाही, प्रकाशकाची सूची ठरवते. सूचीत कप्पे असतात : ऐतिहासिक, सामाजिक, ग्रामीण, रहस्य आणि कौटुंबिक. नायकाची नोकरी गेली तर कादंबरी सामाजिक. त्याच घरात त्याची बायको महिना कसा काढते हे लिहिलं की कौटुंबिक. मराठेशाहीवरच्या पाचशे पानांत नावाला दोन बायका असल्या, तरी तिच्यावर ‘पुरुषांसाठी’ असं कुणी छापत नाही.

आता भिशीचं सांगते. डोंबिवलीतली एक बाई भिशी चालवते, यावर मी कादंबरी लिहिली होती. वीस जणी, महिना दोन हजार, म्हणजे चाळीस हजारांचा गल्ला. लिलावाची भिशी. जिला नड असेल ती कमी रकमेवर उचलते. समजा एकीनं तेहतीस हजारांवर उचलली, तर उरलेले सात हजार वीस जणींत वाटले जातात, प्रत्येकीला साडेतीनशे. कुणाची नड किती मोठी, हे त्या बोलीवरून सगळ्या खोलीला कळतं. माझी अख्खी कादंबरी त्या खोलीत होती. कोण किती खाली उतरते, कोण मुद्दाम बोली लावून दुसरीला आणखी खाली ढकलते, आणि वहीतला एक हप्ता भरलेला दिसतो पण पैसे आलेले नसतात.

प्रकाशक पुण्यातले, नाव जुनं. संपादक वयानं मोठे, बोलायला गोड. हस्तलिखिताला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. म्हणाले, “ताई, भाषा फार सुरेख आहे. फक्त ही तीन प्रकरणं काढू. तुमच्या वाचकांना आकडे जड जातात.” मी म्हटलं, “माझ्या वाचकच भिशी चालवतात.” ते हसले. “चालवत असतील हो, पण दुपारी आडवं पडून वाचताना हिशेब नको वाटतो.” मग मुखपृष्ठ दाखवलं. उंबरठ्यात उभी पाठमोरी बाई, ओले केस, समोर तुळशीवृंदावन. माझी नायिका तिसऱ्या मजल्यावर वन आरकेमध्ये राहते, तिच्या दारात चपलांचा स्टँड मावत नाही. हे मी बोलले. “तुळस चालते,” ते म्हणाले.

मी सही केली. त्यांचं गणित खोटं नव्हतं. हजाराची आवृत्ती, आणि ‘कौटुंबिक’ म्हटलं की गावोगावची वाचनालयं प्रत घेतात, तिथल्या दुपारच्या सभासद बहुतेक बायका. ज्या वाचकांच्या जिवावर आवृत्ती निघते, त्यांच्याच बुद्धीबद्दल असं बोलायचं, हे मात्र मला आजही गिळवत नाही.

पुस्तक आलं. वसईहून एका बाईंचा फोन. कौतुक नाही, काही नाही. थेट विचारलं, “ताई, सहाव्या महिन्यातल्या नऊ हजारांचं काय झालं? मी वहीत मांडून बघितलं, जुळत नाही.” जुळणार कसं? ते नऊ हजार काढलेल्या प्रकरणात होते. मी फोनवरच त्यांना पूर्ण हिशेब सांगितला, त्या लिहून घेत होत्या. मधेच म्हणाल्या, “हां, म्हणजे तिनं जावेच्या नावानं उचलली!” इतकं नेमकं वाचन माझ्या एकाही परीक्षणात झालेलं नाही. परीक्षणं मुळात दोनच आली. एकात ‘हळुवार’ हा शब्द तीनदा.

यावर कुणी म्हणतं, स्त्रियांच्या लेखनाला मराठीत मान आहेच की. आहे. 1933 साली बाळूताई खऱ्यांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिलं, गदारोळ झाला, आणि आज ते अभ्यासक्रमात शिकवतात. 1961 साली समीक्षक कुसुमावती देशपांडे साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, तेव्हा संमेलनाची परंपरा ऐंशीहून अधिक वर्षांची होती. बंड केलंत की साहित्य, समीक्षकांची भाषा बोललात की साहित्य. पण योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे या लोकप्रिय कादंबरीकारांचं काय? वाचनालयांनी त्यांच्या प्रती पुन्हा पुन्हा पुठ्ठा घालून बांधल्या, इतक्या त्या फाटेपर्यंत वाचल्या गेल्या. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांची आठवण काढताना साठीतले पुरुष आता हळवे होतात. या बायकांची वाचक असल्याचं माझ्या पिढीतल्या प्राध्यापिका अजून हळू आवाजात सांगतात.

मीही वेगळी नव्हते. पहिल्या पुस्तकानंतर एका परिसंवादात मी ठणकावून म्हणाले होते, “मी बायकांसाठी नाही, माणसांसाठी लिहिते.” टाळ्या पडल्या. आज ती मी समोर आली तर विचारीन, बाई, वसईच्या त्या वाचक मग कोण? ती उलट म्हणेल, ‘तुला तरी समीक्षकांनी वाचावं असं वाटत नाही का?’ वाटतं. फार वाटतं. आणि ‘कौटुंबिक’चा शिक्का निघाला, तर वाचनालयाच्या खरेदीतून पुस्तक गळेल ही धास्तीही वाटते. दोन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकरणं परत घ्यायला प्रकाशक तयार झाले आहेत. नव्या करारात मी हातानं एक कलम लिहिलंय : सूचीतला प्रकार लेखिकेला विचारून ठरवावा. त्यांनी ते खोडलं नाही. फक्त उलट टपाली विचारलं, “मग काय छापायचं ते कळवा.” पत्राला महिना होत आला, मी अजून कळवलेलं नाही.