आमची आजी

आज दुपारी आजीला मूठमाती दिली. 94 वर्षांची होती. नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. आमची भाजीवाली मावशी मागच्या बाकावर पदर डोळ्यांना लावून बसली होती. तिच्या नातवाची फी आजी भरायची, हे आम्हाला आज कळलं.

पाळकसाहेबांनी 23वं स्तोत्र आजीच्याच बायबलमधून वाचलं. त्याची शिवण कधीच उसवली होती. तिनं गोधडीच्या जाड दोऱ्यानं ते पुन्हा शिवलं होतं. त्या पानाचा कोपरा बोटं लागून लागून पार झिजलाय.

29 नोव्हेंबर 1970 ला वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते आपल्या नागपुरातच. बाबांना कडेवर घेऊन आजी त्या गर्दीत होती. तोवर आम्ही स्कॉटिश मिशनवाले, शेजारचे अँग्लिकन. "त्या दिवसापासून एका पंगतीत बसलो," हे ती किती अभिमानानं सांगायची!

आणि तिचा नाताळ! डिसेंबरात सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, स्वस्त झाला की सांबारवडीचा घाट. चारोळी, खसखस, खोबरं, सगळं सढळ हातानं. पण पहिले डबे गल्लीत जायचे, उरलं तर आम्हाला. लहानपणी फार राग यायचा. आज त्याच गल्लीतल्या पोरांनी तिला खांदा दिला.

आलात, फोन केलेत, मनापासून आभार. रविवारी संध्याकाळी घरी प्रार्थना आहे, नक्की या.