घट नक्की कशात होती?

रुग्णांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) आमचा मायक्रोआरएनए, म्हणजे आम्ही अभ्यासत असलेला आरएनएचा चिमुकला रेणू, निरोगी लोकांपेक्षा आठ पटींनी उतरलेला दिसत होता. पीसीआरच्या (दर सायकलला रेणूच्या प्रती दुप्पट करून मोजण्याची पद्धत) प्लेटमध्ये खोट काढायला जागा नव्हती. एकाच नमुन्याच्या तिन्ही वेल (प्लेटमधले खळगे) एकमेकांना धरून, एनटीसी (नमुना न घातलेला वेल) कोरा, आणि आरएनए काढताना मुद्दाम घातलेला कृमीचा मिर-३९ (मिर म्हणजे मायक्रोआरएनएच) सगळ्या नमुन्यांत जवळपास एकाच सीटीला. सीटी म्हणजे रेणू ज्या सायकलला दिसू लागतो तो आकडा; रेणू जास्त, तर सीटी कमी. सरांनी आलेख मागवलासुद्धा.

इथवर येणंच किचकट असतं. हा रेणू जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचा. नेहमीचा प्रायमर (नक्कल सुरू करून देणारा डीएनएचा तुकडा) बसला की दुसऱ्याला जागाच उरत नाही. म्हणून आरटीला (आरएनएवरून डीएनए बनवण्याची पायरी) स्टेम-लूप, म्हणजे स्वतःवरच घडी पडलेला प्रायमर. त्याची सहा बेसची शेपटी रेणूच्या टोकाला बिलगते, एन्झाइम तिथून पुढे वाचत जातं, आणि लूपची घडी उलगडली की पीसीआरला पुरेशी लांबी मिळते. हे जमलं की मला अजूनही भारी वाटतं.

पण कच्चे सीटी बघतो कोण? सगळे थेट डेल्टा-डेल्टावर, म्हणजे संदर्भाच्या रेणूशी आणि निरोगी गटाशी तुलना करून आलेल्या आकड्यावर, उडी मारतात. मी ते रकाने उघडले, तर आमच्या मिरचा सीटी दोन्ही गटांत सारखाच! हलला होता तो मिर-१६, ज्याला संदर्भ धरून आम्ही तुलना करत होतो. रुग्णांत तो तीन सायकल आधी उगवत होता. तीन सायकल म्हणजे आठ पट.

मिर-१६ तांबड्या पेशींत ठासून भरलेला असतो. नळ्या डोळ्यांना पिवळसर, स्वच्छच दिसत होत्या, पण ४१४ नॅनोमीटरच्या प्रकाशाला हिमोग्लोबिनचं शिखर उभं होतं. मिर-२३ए आणि मिर-४५१ए यांच्या सीटीतला फरक ७ च्या वर गेला की हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्याचा, संशय घ्यायचा. इथे तो ९ पर्यंत जात होता. निरोगी लोकांचं रक्त आमच्या शेजारच्या खोलीत काढलेलं, रुग्णांचं वॉर्डात, घाईत, आणि नळ्या तशाच पडून. वॉर्डातल्या लोकांना बोल लावत नाही; त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सर म्हणाले, "मग नॉर्मलायझर बदल की." म्हणजे संदर्भाचा रेणू. मिर-३९ वर मोजलं तर फरक शून्य. पण तोही खरा कशावरून? आमचा मिरसुद्धा तांबड्या पेशींत असेल, तर फुटलेल्या पेशींनी सीरममधली खरी घट भरून काढली असेल. या नमुन्यांवरून ते कळणार नाही. नवीन रक्त हवं, आणि निम्म्या रुग्णांचे उपचार एव्हाना सुरू झालेत.