घोडीची गोलाई आणि शेटलंडची जिग

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी व्हायोलिनदुरुस्ती करतो, तिथे उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचं गिऱ्हाईक आलं तर दुकान उघडायलाच येतं. तिथल्या लर्विक बंदरातून रात्री सुटलेली बोट सकाळी सातला इथे लागते. त्या दिवशी आलेल्या बाईंच्या हातात फिडल, म्हणजे लोकसंगीताचं व्हायोलिन, होती आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक जुनी, वाकलेली घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी.

फिडल त्यांच्या आजोबांची. घोडी वाकली म्हणून त्यांनी एका ठिकाणी नवी बसवून घेतली होती. मी मापं घेतली. उंची, जाडी, गोलाई, सगळं नियमाप्रमाणे. बाई म्हणाल्या, "सूर सगळे येतात हो, पण आमची घरची जिग वाजत नाही." जिग म्हणजे तिकडची नाचाची चपळ धून.

मी मिरजेत तंबोऱ्याच्या जवारीचं, म्हणजे घोडी घासून नाद खुलवण्याचं, काम शिकलो. आधी कान लावायचा, मग कानस, ही तिथली शिस्त. म्हटलं, "वाजवून दाखवा."

त्यांनी आधी खालच्या दोन्ही तारा एकेक सुराने चढवल्या. नेहमीच्या जी-डी-ए-ई ऐवजी ए-ई-ए-ई. म्हणजे चक्क सा-प-सा-प! कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन याच नात्याने लावतात. शेटलंडच्या जुन्या फिडलवादकांत हे लावणं मुरलेलं आहे. सूर एका तारेवर वाजतो आणि शेजारची मोकळी तार त्याच्यासोबत घुमत राहते.

मग जिग. शेटलंडचं खरं वैभव रील, हा नाचाच्या धुनेचा दुसरा प्रकार; जिग त्या मानाने कमी. पण ही घरात चालत आलेली होती. दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन झोके, आठ-आठ बारचे (मात्रागटांचे) दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. पूर्ण फेरी अर्ध्या मिनिटात आटोपते. गज मनगटातून, अगदी थोडा थोडा फिरत होता. सूर खरंच सगळे येत होते, पण एकेकटे. शेजारची तार गप्प.

जुनी घोडी नवीशेजारी धरली आणि कारण समोर आलं. नियमाची गोलाई साधारण 42 मिलिमीटर त्रिज्येची. जुनी तिच्यापेक्षा स्पष्ट सपाट. सपाट घोडीवर गज हलकेच टेकला तरी दोन तारा धरतो. गोल घोडीवर त्यासाठी दाब द्यावा लागतो, आणि जिगच्या वेगात दाबायला सवड कुठली? आजोबांनी, किंवा त्यांच्याही आधी कुणीतरी, ती गोलाई जाणून-बुजून उतरवली होती. चाकूचे माग स्पष्ट दिसत होते.

घोडी वाकली तीही या लावण्यामुळेच. तार चढवली की ती घोडीचा माथा खुंट्यांच्या दिशेने ओढते, आणि इथे दोन तारा सारख्या चढतात-उतरतात.

नॉर्वेच्या हार्डांगर फिडलची घोडीही अशीच सपाट असते, शिवाय तिला सतारीसारख्या तरफा असतात. 1469 पर्यंत शेटलंड त्याच राजसत्तेखाली होतं. हा घुमारा तिकडूनच आला असं बरेच जण मानतात, आणि मलाही ते पटतं.

जुन्या गोलाईची हुबेहूब नक्कल मात्र मी केली नाही. बाई टॉम अँडरसन यांची 'द स्लॉकिट लाइट'ही वाजवतात, नेहमीच्या लावण्यात. 1969 सालची ती संथ धून. शेटलंडमधल्या मुलांच्या हाती फिडल देणाऱ्या या माणसाची धून गढूळ होऊन कशी चालेल? तिथे एकेक तार स्वच्छ, एकटी बोलली पाहिजे. म्हणून मेपलची नवी घोडी घेतली, पाय फिडलच्या पोटाला नीट बसवले आणि गोलाई थोडी थोडी उतरवत गेलो. दर वेळी जिग, मग संथ धून. एका टप्प्यावर बाई मधेच थांबल्या, "हं, आता आली." मी संथ धून पुन्हा वाजवून घेतली. तीही स्वच्छ. कानस खाली ठेवली.

तार चढवल्यावर घोडी दोन्ही हातांनी धरून माथा अलगद मागे कसा घ्यायचा, ते त्यांच्याकडून करून घेतलं. नव्या गोलाईचा साचा जाड कागदावर कापला, त्यावर 'ए-ई-ए-ई, गोलाई वाढवू नये' असं लिहिलं आणि फिडलच्या पेटीत चिकटवून दिला. पुढे ती कुणाच्याही टेबलावर गेली तरी त्याला आधी हे दिसेल.