नाईट शिफ्टनंतर
आत्ताच हँडओव्हर दिला. लोकांना वाटतं निवासी थेरपी (मुलं सेंटरमध्येच राहतात, उपचारही तिथेच) म्हणजे काउन्सिलरसमोर बसून बोलणं, पण खरं काम चालतं ते सकाळी उठवताना, जेवणाच्या टेबलावर, दार आपटलं जातं तेव्हा. काल रात्री एका मुलाने प्लेट फोडली, भेटायला येणारं माणूस आलंच नाही म्हणून, मग मी काही न समजावता नुसती जवळ बसले, आवाज खाली ठेवून, कारण भडकलेल्या डोक्यात लेक्चर शिरतच नाही हो. शांत झाल्यावर झाडू त्यानेच मागितला. आता इन्सिडेंट रिपोर्ट लिहायचाय (त्यात "आक्रमक मुलगा" वगैरे नाही, घडलं तेवढंच, नवीन स्टाफला हे सारखं सांगावं लागतं). आणि या फील्डमध्ये यायचंय म्हणणाऱ्यांनो, इंटरव्ह्यूमध्ये आधी विचारा, सुपरव्हिजन (म्हणजे सीनियरसोबत बसून आपल्या कामाबद्दल बोलणं) नियमित मिळतं का. उत्तर गोलगोल आलं तर दुसरीकडे अप्लाय करा.