तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी मुंबई की पुणे?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. दोघांच्या नोकऱ्या, एक मूल, ठाणे-कल्याण पट्ट्यात वन बीएचके, आणि पुण्यातल्या ऑफिसला ट्रान्सफर मिळायची शक्यता. "तुम्ही दोन्हीकडे राहिलात ना, मग मुलांना वाढवायला कुठलं बरं?" विचारतानाच चेहऱ्यावर दिसतं की मी पुणे म्हणणार हे धरून चाललेत. आणि मी म्हणतेही पुणे, पण मूल केवढं आहे ते विचारून मगच.

आम्ही नऊ वर्षं डोंबिवलीत होतो. लेक सहा वर्षांची असताना पुण्याला आलो, आता तिला तेरा पूर्ण होतील. का आलो, तर शाळा नाही, हवा नाही, संस्कृती वगैरे तर अजिबात नाही. पाळणाघरामुळे आलो.

माझं ऑफिस दादरला. साडेपाचला निघाले तरी पाळणाघरात पोचायला सात, आणि सात ही तिथल्या काकूंची लक्ष्मणरेषा, त्यांचंही बरोबरच होतं, त्यांनाही घर होतं. एका पावसाळ्यात गाडी मुंब्र्याच्या पुढे उभी राहिली, दिवा स्टेशनजवळचं रेल्वे फाटक रस्त्यावरच्या गाड्यांसाठी उघडं असणार असं डब्यातल्या बायका म्हणत होत्या, फोनला रेंज येते-जाते, काकूंचे तीन मिस्ड कॉल. मी पोचले तेव्हा पावणेआठ. काकूंनी दिवा लावून ठेवला होता आणि लेक जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती, दप्तर पाठीला, बूट घातलेले, वेलक्रो घट्ट लावलेलं. सात वाजताच तिने बूट घातले होते म्हणे, आणि मग काढायला तयार नव्हती. रडत नव्हती. रडत असती तर कदाचित मी अजून दोन वर्षं काढली असती तिथे.

तर लहान मूल असेल, म्हणजे आठ-नऊ वर्षांपर्यंतचं, तर पुणे. मात्र ऑफिस ते घर अर्ध्या तासात होत असेल तरच! वाघोलीत राहून हिंजवडीला जाणार असाल तर डोंबिवलीच बरी, निदान लोकलमध्ये बसायला मिळालं तर झोप तरी होते. आम्ही कोथरूडला भाड्याने राहिलो ते याचसाठी. लोक म्हणतात तिकडचा वन बीएचके विकून पुण्यात टू बीएचके येतो, येतो की, पण तो येतो कुठे ते बघा. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्या कडेच्या भागात टॉवर उभे आहेत आणि बऱ्याच सोसायट्यांत टँकर येतात. फ्लॅट बघायला जाल तेव्हा जिम आणि पोडियम गार्डन नंतर बघा, आधी वॉचमनला विचारा उन्हाळ्यात रोज किती टँकर लागतात.

शाळांचं मला विचारूच नका खरं तर. सीबीएसई, आयसीएसई, स्टेट बोर्ड सगळं दोन्हीकडे आहे, पहिलीला सहा वर्षं दोन्हीकडे, आरटीईच्या पंचवीस टक्क्यांची सोडत दोन्हीकडे, बालभारतीची पुस्तकं तीच. राज्य एकच आहे हो.

टेकडीबद्दल मात्र बोलायलाच हवं. डोंबिवलीत असताना नॅशनल पार्क आम्ही दोनदा बघितलं, १०४ चौरस किलोमीटरचं जंगल शहराच्या आत, जगात फार कुठे नसेल असं, पण डोंबिवलीहून बोरिवली म्हणजे गेला रविवार, आणि त्यात मेगाब्लॉक. त्यापेक्षा राणीची बाग सोपी, भायखळ्याला उतरलं की झालं. पुण्यात आल्यावर वेताळ टेकडी हाताशी आली आणि लेकीचं सगळं लहानपण तिथे गेलं म्हटलं तरी चालेल. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, उगाचच. मोर ओरडला की ती उत्तर द्यायची, खाणीतल्या पाण्याजवळ तासभर दगड टाकत बसायची. वर जायला पैसे नाहीत, बुकिंग नाही, आणि आई दमली तर मूल पुढे पळत जाऊ शकतं, मागून गाडी येत नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पुण्यात मुलाचा हात सोडून चालता येईल अशा जागा मोजक्याच आहेत.

कारण टेकडीवरून खाली उतरलात की रस्ता. आणि इथून माझं उत्तर बदलतं.

लेक दहाची झाली आणि मी तिची ड्रायव्हर झाले. शाळेला रिक्षावाले काका होते, ते ठीक, पण संध्याकाळी तबला डेक्कनला, बॅडमिंटन भलतीकडेच, मैत्रिणीचा वाढदिवस बावधनला. सोडा, परत या, पुन्हा जा, घेऊन या, एका क्लासच्या चार फेऱ्या. अंतर बघाल तर तीन-चार किलोमीटर, चालत किंवा सायकलवर जाण्यासारखं, पण फूटपाथवरून टू-व्हीलर येणार, सिग्नलला उलटीकडून टू-व्हीलर येणार, मीच रस्ता ओलांडताना देवाचं नाव घेते तर तिला कुठे एकटी सोडणार. आणि सगळ्या आया हेच करतात, त्यामुळे संध्याकाळी सहाला क्लासबाहेर ज्या स्कूटर उभ्या असतात त्यांचाच ट्रॅफिक जॅम होतो.

माझा भाचा तिच्यापेक्षा वर्षाने मोठा, मुलुंडला राहतो. तो क्रिकेटला शिवाजी पार्कला जातो, एकटा, स्लो लोकलने, पाठीवर त्याच्याहून मोठी किट बॅग. बारा वर्षांपर्यंत मुलगे आईबरोबर लेडीज डब्यात चालतात, बारा पूर्ण झाले आणि वहिनीने त्याला सांगितलं आता तू तुझ्या डब्यात. पहिले काही दिवस ती शेजारच्या डब्यात असायची, मग तीही बंद झाली. आम्ही गेलो होतो तेव्हा तो माझ्या लेकीला समजावत होता, कुर्ल्याला दाराकडे जायचं नाही, उतरणारे ढकलतात, सायन गेलं की उठायचं, माटुंग्याला पुढच्याला विचारायचं "दादर?" ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. परतीच्या प्रवासात एक्सप्रेस-वेवर मला म्हणाली, आई, मला एकटीला काहीच येत नाही ना.

गर्दीची भीती खोटी नाही, वहिनी अजून त्याचा "पोचलो" मेसेज येईपर्यंत चहा पीत नाही. पण तिथे ट्रेन आहे, बेस्ट आहे, रात्री नऊलाही स्टेशनवर माणसं असतात, आणि सातवी-आठवीचं पोर स्वतःचं स्वतः फिरतं. म्हणून मूल अकरा-बाराचं असेल आणि स्टेशनपासून चालत अंतरावर घर असेल तर मी सांगते, नका हलू. तुम्हाला पुण्यात मोठं घर मिळेल आणि मुलाला ड्रायव्हर.

आमचं आता जरा बदलतंय. मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये वनाझ ते गरवारे सुरू झाली तेव्हा आम्ही फक्त मजा म्हणून बसलो होतो, २०२३ च्या ऑगस्टमध्ये डेक्कनच्या पुढे गेली तरी मला सुचलं नाही. लेकीलाच सुचलं. मागच्या महिन्यात तिने कार्ड मागितलं, मी वनाझला आत सोडलं, हात केला आणि खाली येऊन गुपचूप स्कूटर काढली. ती वरून, मी खालून, तोच पौड रोड, तोच कर्वे रोड. नळ स्टॉपला सिग्नलला अडकले तेव्हा डोक्यावरून गाडी गेली, तिची होती की पुढची, कळलं नाही. डेक्कनला पोचेपर्यंत घामाघूम. वर क्लासमध्ये तबल्याचा आवाज चालू होता, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर, बाकीच्या चपलांच्या ढिगात, तिचे बूट काढून ठेवलेले.